कॉलनीची ओपन स्पेस : ट्रस्ट, सोसायटी की कंपनी?

गल्लीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमची कॉलनी एका तालुक्याच्या गावाच्या वेशीवर आहे. १९८७ चा एन.ए. (बिनशेती) लेआउट, साधारण तीन एकर, ४४ प्लॉट. प्रत्येकाचं खरेदीखत वेगळं, घरं ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधलेली. मधोमध १२ गुंठे ओपन स्पेस. त्यात एक बोअर, एक पत्र्याची शेड, दोन बाक आणि सत्यनारायणापुरता एक ओटा. हद्दवाढीत आम्ही ग्रामपंचायतीतून नगरपालिकेत आलो. घरपट्टी वाढली, बाकी बरंचसं होतं तिथंच आहे.

गेल्या जुलैत उताराकडच्या चार घरांत पाणी शिरलं आणि पहिल्यांदाच सगळे एका ओट्यावर बसले. ठरलं असं : पावसाच्या पाण्याचं गटार, सोलरचे दिवे, आणि शेडच्या जागी एक हॉल. पोरं एमपीएससीच्या अभ्यासाला तालुक्यात पैसे भरून जातात, तेव्हा हॉलच्या एका भागात अभ्यासिका. घरटी २५ हजार. ३७ घरांनी दिले, म्हणजे सव्वानऊ लाख जमले. उरलेली ७ घरं 'बघू'वर आहेत.

पैसे तिघांच्या जॉइंट खात्यात ठेवले. पहिलं नाव आमच्या गुरुजींचं. दिवाळीनंतर गुरुजी गेले. पासबुक शोधायला त्यांच्या घरी गेलो तर ते औषधांच्या पिशवीत, रबर लावून, वर त्यांच्याच अक्षरात 'कॉलनी, हात लावू नये'. आता बँक वारसांची कागदपत्रं मागते आणि काकूंना वाटतं, आपल्यावर काही बालंट येतंय.

म्हणून नोंदणी करायचीच आहे. एक गट म्हणतो धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवू, एक म्हणतो सहकारी सोसायटी, एकाचा पुण्यातला जावई म्हणतो कंपनी काढा. आणि चौथा गट म्हणतो, काही नको, चाललंय ते बरं आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिंचेचं झाड

मी चौथ्या गटात. आमच्या आळीचा गणपती ४० वर्षं बिनानोंदणी बसतोय. वहीत जमा, वहीत खर्च, अनंत चतुर्दशीनंतर फळ्यावर हिशोब. संस्था काढली की निवडणूक आली, निवडणूक आली की दोन पार्ट्या आल्या.

जमाखर्च

@चिंचेचं झाड, वर्गणी गोळा करायला तुमच्या मंडळाला दरवर्षी धर्मादाय कार्यालयाची ४१ क ची परवानगी काढावी लागते, ती काढता ना? असो. गणपती दहा दिवसांचा, विसर्जन झालं की मालमत्ता म्हणजे एक हार्मोनियम आणि झांजा. हॉल विसर्जित करता येत नाही.

गल्लीकर, आधी तातडीचं. जॉइंट खात्यातलं व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर दिसतं. सव्वानऊ लाखांचं व्याज गुरुजींचं उत्पन्न म्हणून नोंदलं जातंय. त्यांचं शेवटचं विवरणपत्र वारसांना भरावं लागेल, तेव्हा हे पैसे कोणाचे हे लिहून ठेवलेला कागद हवा. ३७ जणांची यादी, पावत्यांची स्थळप्रत, ओट्यावरच्या बैठकीचं इतिवृत्त. इतिवृत्त नसेल तर आज सगळ्यांना बसवून, आजची तारीख टाकून, 'अमुक रक्कम कॉलनीची आहे' असा जबाब सह्यांनिशी करा. मागची तारीख टाकू नका. काकूंचा घोर आधी मिटवा, कायदा मग बघू.

आता कराचं. सभासदांनी आपल्याच सोयीसाठी जमवलेली वर्गणी हे उत्पन्न धरत नाहीत, स्वतःच्या एका खिशातून दुसऱ्यात टाकल्यासारखं आहे. पण तेच पैसे बँकेत ठेवून आलेलं व्याज करपात्र. २०१३ मध्ये बंगळूरच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. आणि बाहेरच्यांना लग्नामुंजीला हॉल भाड्यानं दिलात तर ते भाडंही उत्पन्न. हॉल कोणाला द्यायचा हे आत्ताच ठरवा, त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

सॉफ्टवेअरवाला

सेक्शन ८ (ना-नफा) कंपनी काढा. सगळं ऑनलाइन, कार्यालयात खेटे नाहीत. पारदर्शक.

जमाखर्च

बहुतेक जावई तुम्हीच :)

सेक्शन ८ वाईट नाही. नफा वाटता येत नाही, तिचा तो गुणच आहे. पण दरवर्षी ताळेबंदाचा फॉर्म आणि वार्षिक विवरणाचा फॉर्म भरायचा असतो आणि उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. संचालकांची केवायसी वेगळी. कॉलनीतले संचालक कोण होणार? निवृत्त पोस्टमास्तर आणि किराणा दुकानदार. पहिली दोन वर्षं जावई करतील, तिसऱ्या वर्षी जावई सिंगापूरला. अशा दोन कंपन्या बंद करायला माझ्याकडे आल्या होत्या, दंडच हॉलच्या रंगाएवढा झाला होता.

दप्तरदार

सहकार खात्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. चार शब्द लिहितो.

गृहनिर्माण संस्थांचे आपल्या नियमांत प्रकार आहेत. भाडेकरू मालकी म्हणजे जमीन संस्थेची, घर सभासदाचं. भाडेकरू सहभागीदारी म्हणजे जमीन, इमारत दोन्ही संस्थेची. गल्लीकरांकडे यातलं काहीच नाही, प्लॉट ज्याचे त्याचे आहेत. मग संस्थेकडे राहतं काय? रस्ते, बोअर, ओपन स्पेस आणि देखभाल. अशा प्लॉटधारकांच्या संस्था नोंदल्या जातात, मी स्वतः नोंदलेल्या आहेत. मुख्य प्रवर्तक (नोंदणीचं काम पुढे नेणारा माणूस) निवडायचा, नाव आरक्षित करायचं, प्रवर्तकाच्या नावे बँकेत खातं, मग प्रस्ताव उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडे.

भीती घातली जाते तेवढी निवडणूक अवघड नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थेला आपली निवडणूक आपणच घेता येते. समिती पाच वर्षांची. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत, लेखापरीक्षण दरवर्षी. एवढं पाळलंत तर कोणी तुमच्या दारात येत नाही. नाही पाळलंत तर प्रशासक बसतो, मग त्याच्या नावानं बोटं मोडायची नाहीत.

सर्वांत मोठा फायदा वसुलीचा. सभासदानं देणं थकवलं तर निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. जुने लोक अजून '१०१ चा दाखला' म्हणतात, गृहनिर्माण संस्थांसाठी आता ते कलम १५४ ब-२९. तुमच्या 'बघू'वाल्या सात घरांसाठी एवढं पुरे आहे.

कांदिवलीकर

दप्तरदार काकांना +१. आमची सोसायटी स्वयंपुनर्विकासाला निघाली आहे. बिल्डर नाही, आम्हीच. त्या प्रवासातली एकच गोष्ट सांगतो. आमच्याकडे आर्किटेक्ट होता, कर्ज द्यायला बँक तयार होती, सभासदांची संमती होती. अडलं कुठं? कन्व्हेयन्सवर, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करण्यावर. इमारत आमची, जमीन कागदावर मूळ मालकाची. मानीव अभिहस्तांतरणाच्या (मालकानं करून दिलं नाही तर सरकारी आदेशानं होणाऱ्या कन्व्हेयन्सच्या) फायली घेऊन दीड वर्ष फिरलो. मी रजिस्टरचा प्रत्येक ठराव पाठ म्हणू शकतो.

तुमच्या १२ गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे?

ओसरी

कांदिवलीकरांनी बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मी दिवाणी वकिली करते. गल्लीकर, तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये हेच एक वाक्य नाही.

लेआउट मंजूर होताना ओपन स्पेस सोडली की ती आपोआप प्लॉटधारकांची झाली असं सगळे धरून चालतात. आपोआप काही होत नाही. दिल्लीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नकाशात खुली जागा दाखवली म्हणून महापालिका तिची मालक होत नाही. मालकी मूळ मालकाकडेच, पण त्यानं ती लोकांसाठी विश्वस्तासारखी सांभाळायची. म्हणजे तो तिचे प्लॉट पाडून विकू शकत नाही, आणि तुम्ही तिला 'आमची' म्हणून कर्ज काढू शकत नाही. दोघं दोन बाजूंनी कुंपणाकडे बघत बसायचं.

जागा नावावर करून घ्यायची तर नोंदणीकृत दस्त हवा आणि दस्तात 'लिहून घेणार' कोणीतरी हवा. ४४ जणांची नावं घातलीत तर पुढच्या पिढीत १४० वारस होतील. म्हणून कायद्याच्या नजरेत माणूस ठरेल अशी एक संस्था लागते. ती कुठल्या कायद्याखाली, हे ठरवायच्या आधी सातबारा, मंजूर नकाशा आणि मूळ बिनशेती आदेश हे तीन कागद काढा. आदेशातल्या अटी वाचा. छापील अटी सोडून हातानं किंवा टंकलेखनात जोडलेल्या अटी विशेष वाचा.

आणि दप्तरदार काका, एक शंका. वसुली दाखला सभासदाविरुद्ध. प्लॉट स्वतंत्र मालकीचे असतील आणि सात घरांनी सभासदत्वच घेतलं नाही, तर?

दप्तरदार

वकीलबाईंनी पकडलं. खरं आहे. सभासद नाही त्याच्याकडून संस्था 'थकबाकी' मागू शकत नाही. फ्लॅटमध्ये जिना, लिफ्ट, पाणी एक असतं म्हणून माणूस येतो, प्लॉटमध्ये तो आपल्या दारातून परस्पर रस्त्यावर जातो. अशा ठिकाणी मी बोअरच्या पाण्याचा आधार घ्यायला सांगत असे. पाणी सभासदालाच.

चिंचेचं झाड

म्हणजे शेवटी पाणी तोडायचं. याला म्हणतात सहकार.

दप्तरदार

तोडायचं म्हटलं नाही. कायमच्या रहिवाशाचं पाणी तोडलं तर तुम्हीच अडचणीत याल. नवीन जोड देताना सभासदत्वाची अट घालायची, एवढंच.

हडपसरचा

कंपनीला एवढं हसू नका. मगरपट्टा सिटी कशी झाली? शेतकऱ्यांनी जमिनी बिल्डरला विकल्या नाहीत. सतीश मगरांच्या पुढाकारानं सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर एकत्र आणले, कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर. ज्यांनी काल ऊस लावला होता ते आज भागधारक.

ओसरी

उदाहरण उत्तम, पण धाग्याच्या उलट टोकाचं. तिथं जमीन विकसित करून विकायची आणि नफा वाटायचा होता, त्याला भागभांडवलाची कंपनी हाच सरळ रस्ता. गल्लीकरांना नफा वाटायचाच नाही. उलट उद्या १२ गुंठ्यांना दर आला की कोणी 'माझा ४४ वा हिस्सा द्या' म्हणू नये ही भीती आहे. आहे ना?

गल्लीकर

आहे. परवाच मूळ मालकांचा नातू येऊन कोपऱ्यात चार सिमेंटचे खांब टाकून गेलाय. म्हणतो, 'आजोबांची जागा आहे, जरा साफसफाई करून घेतो.'

टेम्सकाठची

गल्लीकर, मी इंग्लंडमध्ये राहते. इथं आमच्या भागात कम्युनिटी लँड ट्रस्ट (स्थानिक लोकांसाठी जमीन राखून ठेवणारी संस्था) आहे, मी त्याची एका पौंडाची सभासद. 'ट्रस्ट' हे नुसतं नाव. आमची नोंदणी कम्युनिटी बेनिफिट सोसायटी म्हणून आहे, २०१४ च्या कायद्याखाली. कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणजे काय याची व्याख्या २००८ च्या गृहनिर्माणाच्या कायद्यात दिली आहे, पण स्वतःचं रूप कुठलं घ्यायचं ते ज्यानं त्यानं निवडायचं.

इथं पहिल्या बैठकीपासून एक शब्द कानावर पडतो, असेट लॉक. संस्थेच्या नावावर आलेली जमीन सभासदांत कधीच वाटायची नाही. संस्था बुडाली, बंद पडली तरी ती तशाच दुसऱ्या संस्थेकडे जाणार. ९५ टक्के सभासदांनी हात वर केले तरी कुलूप उघडत नाही. आमच्याकडे जागेचे भाव चढले तेव्हा दोन-तीन जण कुरकुरले, पण कुरकुरण्यापलीकडे करता येण्यासारखं काही नव्हतं.

आपल्याकडे असं कुलूप कशात आहे?

ओसरी

ताई, हाच प्रश्न मी कालपासून घोळवतेय.

सेक्शन ८ कंपनीत आहे. ती गुंडाळली तर शिल्लक मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या सेक्शन ८ कंपनीकडे जाते. सार्वजनिक न्यासात, म्हणजे ट्रस्टमध्ये, तर कुलूप आणि वर साखळी. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, आणि इमारत किंवा बिनशेती जागा तीन वर्षांवर भाडेपट्ट्यानंही देता येत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थेचं कुलूप सर्वांत सैल. ती सभासदांच्या हिताचीच संस्था आहे, सभासदांनी ठरवलं तर बरंच काही होऊ शकतं.

जमाखर्च

पण त्या साखळीची किंमत सांगतो. आपल्याकडे ७ जणांनी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदली की १९५० च्या कायद्याखाली न्यास म्हणूनही नोंदावी लागते. दोन दाखले, दुसऱ्यावर 'एफ'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. मग विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला की ९० दिवसांत बदल अर्ज. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. आणि तो मंजूर व्हायला लागतो तेवढ्यात पुढची कार्यकारिणी निवडून येते. माझ्याकडे एका वाचनालयाची फाईल आहे, त्यांचे तीन चेंज रिपोर्ट एकावर एक प्रलंबित आहेत. कागदावर अजून २००९ चे अध्यक्षच आहेत. ते हयात नाहीत.

आणि खरा पेच वेगळा आहे. ४४ घरांचं गटार आणि ४४ घरांचे दिवे यात 'सार्वजनिक' काय? धर्मादाय उद्देश म्हणजे शिक्षण, वैद्यकीय मदत, सर्वसामान्य लोकोपयोग. फक्त स्वतःच्या कॉलनीच्या सोयीसाठी ट्रस्ट केला तर आयकराची धर्मादाय नोंदणी आणि देणगीदारांना करसवलत (८०जी म्हणतात ती) मिळवताना अडकाल. अभ्यासिका मात्र बसते, पण ती सगळ्या गावाच्या पोरांना उघडी ठेवली तर.

गल्लीकर

यावर आमच्याकडे भांडण होईल. निम्मे म्हणतात बाहेरची पोरं नकोत, गाड्या लावतात.

कांदिवलीकर

मग दोन संस्था करा की. जमीन, गटार, दिवे सोसायटीकडे. अभ्यासिका वेगळ्या संस्थेची, तिला खोली वापरायला द्या.

दप्तरदार

छोट्या गावात दोन संस्था म्हणजे दोन अध्यक्ष. ते दोघं वर्षभरात एकमेकांशी बोलत नाहीत. अनुभवाचे बोल. आधी एक नीट चालवा.

ओसरी

बांधकामाबद्दल कोणी बोललंच नाही. बांधकामाची नवी एकात्मिक नियमावली ओपन स्पेसवर हॉलसारख्या बांधकामाला परवानगी देते, पण एकूण जास्तीत जास्त १५ टक्के आणि त्यातही तळमजल्यावर १० टक्क्यांहून जास्त नाही. १२ गुंठे म्हणजे १३ हजार चौरस फुटांच्या जरा वर, म्हणजे तळाला साधारण १३०० चौरस फूट. तुमच्या मनातला हॉल केवढा आहे?

गल्लीकर

इंजिनिअरनं ४० बाय ६०चा काढलाय. २४०० :(

चिंचेचं झाड

अवांतर : तेवढ्यात आमच्या गणपतीचा मंडप बसतो. पावसाळ्यानंतर काढून घेतो, परवानगी लागत नाही.

जमाखर्च

लागते.

गल्लीकर (नऊ दिवसांनी)

मंडळी, तीनही कागद मिळाले. सातबारा पाच मिनिटांत निघाला. मूळ मालक आजोबांचं नाव कमी होऊन वारसनोंदीनं पाच नावं लागली आहेत, खांबवाला नातू त्यातला एक. 'इतर हक्क' मध्ये 'ले-आऊट खुली जागा' अशी नोंद आहे. ओसरीताई म्हणाल्या ते डोळ्यांनी बघितलं, मालकही ते आणि हातही बांधलेले.

नकाशा नगररचनाच्या कार्यालयातून मिळाला. बिनशेती आदेश मात्र कॉलनीत कोणाकडेच नव्हता. अखेर तो सापडला गुरुजींच्या ट्रंकेत. काकूंनीच काढून दिला. पिवळा पडलेला, टाचणी गंजून कागदाला चिकटलेली. छापील आठ अटी आणि खाली टंकलेखनातली नववी. जशीच्या तशी देतो (अभिन्यास म्हणजे लेआउट) : 'अभिन्यासातील खुली जागा व अंतर्गत रस्ते अर्जदाराने भूखंडधारकांच्या नियोजित सहकारी संस्थेच्या ताब्यात विनामोबदला देणेचे आहेत.'

गुरुजींनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली होती. कधी ओढली देव जाणे.

ओसरी

वा! विनामोबदला हा शब्द सोन्याचा आहे. ट्रंकेतल्या कागदावर विसंबू नका, महसूल अभिलेखागारातून प्रमाणित प्रत काढा. आणि खांबांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. आदेशात सहकारी संस्था म्हटलंय तेव्हा आधी तीच. ट्रस्टच्या नावे मागायला गेलात तर पहिला युक्तिवाद समोरच्याला फुकट मिळेल.

आणि उपविधी (संस्थेचे स्वतःचे नियम) मंजूर करून घेताना ही जागा सभासदांत वाटायची नाही, विकायची नाही असं कलम सुचवा. इंग्लंडच्या कुलपाएवढं पक्कं नाही, उपविधी पुढे बदलता येतात. पण बदलायला सभा बोलवावी लागेल, दोन तृतीयांश मतं लागतील आणि निबंधकांची मंजुरीही.

टेम्सकाठची

गुरुजींना नमस्कार. पेन्सिलीची रेघ वाचून गलबललं.

दप्तरदार

मुख्य प्रवर्तक कोण ते ठरवा. बोलका माणूस घेऊ नका, कागद जपणारा घ्या. बिनमुदतीचा उत्साह असलेला तर नकोच. आणि नावांचे तीन-चार पर्याय द्या, पहिलं बहुधा मिळत नाही.

गल्लीकर

पाचपैकी तीन वारस सही करायला तयार आहेत. नातू म्हणतो मुद्रांक शुल्क आणि दस्ताचा खर्च तुमचा, शिवाय हॉलला आजोबांचं नाव. चौथी बहीण नाशिकला असते, रविवारी तिच्याकडे जायचंय. मुख्य प्रवर्तक म्हणून काकूंचं नाव सुचवलं आहे. त्या आधी नाही म्हणाल्या, मग पासबुकाची पिशवी घेऊन बैठकीला आल्या.

हॉल १३०० फुटांचा. इंजिनिअर रुसलाय.

संस्थेच्या नावावर मात्र काल रात्री साडेअकरापर्यंत भांडण चाललं. समर्थ, शिवतेज, साईकृपा. तिन्ही नावांच्या सोसायट्या तालुक्यात आधीच आहेत म्हणे.

चिंचेचं झाड

चिंचबन ठेवा. ओपन स्पेसमध्ये एक चिंच लावा म्हणजे खोटंही ठरणार नाही. वर्गणी माझी घ्या, पावती द्या.